व्हिनेगर ज्यो: ‘मार खाल्ला’ म्हणणारा जनरल

कोठावळा

आमच्या कंपनीत तिमाहीचे आकडे पडले की ते ‘पडले’ असं कुणी लिहीत नाही. ‘आव्हानात्मक परिस्थिती’ असं लिहितात. परवा रात्री असाच एक अहवाल गोड करत बसलो होतो आणि जोसेफ स्टिलवेल आठवला. म्हणून हा धागा.

मे १९४२ च्या अखेरची दिल्ली. ऊन मी म्हणतंय. पत्रकारांसमोर ५९ वर्षांचा एक अमेरिकन जनरल बसलाय. चेहरा ओढलेला, अंगावरचं मांस झडलेलं, कारण तो नुकताच ब्रह्मदेशातून जंगल तुडवत इंफाळला पोचलाय. ‘यशस्वी माघार’ वगैरे भाषा तेव्हाही होतीच. हा गडी म्हणाला (मराठी माझं): “आम्हाला सडकून मार बसलाय. ब्रह्मदेशातून आम्हाला हुसकावून लावलंय आणि ही भयंकर नामुष्की आहे. हे कशामुळे झालं ते शोधलं पाहिजे, आणि परत जाऊन ब्रह्मदेश घेतला पाहिजे.”

एवढंच. कुणावर खापर नाही, ‘परंतु’ नाही.

आता थोडं मागे जाऊ. जन्म १८८३, फ्लोरिडातलं पॅलाटका गाव. वाढला न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये. १९०४ साली वेस्ट पॉइंटमधून बाहेर पडला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गुप्तवार्ता अधिकारी होता, सँ मिएलच्या चढाईच्या आखणीत त्याचा हात होता. तिथेच दारूगोळ्याच्या स्फोटात डावा डोळा जवळजवळ गेला. भाषांचा नाद होता, म्हणून युद्धानंतर लष्कराने त्याला चिनी शिकायला पेकिंगला पाठवलं. १९२१ च्या दुष्काळात शान्शी प्रांतात रेडक्रॉससाठी रस्ता बांधायचं काम त्याने केलं. मजुरांत राहिला, त्यांचंच खाल्लं. पुढे तिअॅन्जिनला पलटणीत होता, नंतर १९३५ ते ३९ चीनमध्ये लष्करी प्रतिनिधी. म्हणजे चिनी शिपाई त्याने दूतावासाच्या खिडकीतून पाहिलेला नव्हता, चिखलात पाहिला होता. तो शिपाई नीट खायला घातला, शिकवला आणि त्याला बरा अधिकारी दिला तर जगात कुणाला हार जाणार नाही, यावर त्याची आयुष्यभर श्रद्धा होती.

१९४२ च्या सुरुवातीला अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल मार्शल यांनी त्याला चीनचा सर्वेसर्वा च्यांग कै शेकचा चीफ ऑफ स्टाफ म्हणून पाठवलं. तो ब्रह्मदेशात पोचेपर्यंत रंगून पडलं होतं. एप्रिलअखेर लाशियो पडलं आणि चीनला रसद नेणारा रस्ताच तुटला. त्याला न्यायला विमान आलं होतं. त्याने हाताखालची बरीचशी माणसं विमानात बसवली, आपण मात्र मागे थांबला. गाड्या जंगलात टाकून ७ मेपासून पायी. बरोबर शंभरावर माणसं: अमेरिकन, ब्रिटिश, चिनी, स्वयंपाकी, क्वेकर स्वयंसेवक, आणि डॉक्टर सीग्रेव्ह यांच्या ब्रह्मी परिचारिका. पुढे स्वतः स्टिलवेल. मिनिटाला १०५ पावलं, तासाला पन्नास मिनिटं चाल आणि दहा मिनिटं विसावा. ऊयू नदीवर तराफे केले, त्यांवर पानांची छपरं त्या परिचारिकांनी विणली. तरुण अधिकारी उन्हाने कोसळत होते, हा म्हातारा घड्याळ बघत चालत होता. चिंदविन ओलांडून, नागा टेकड्या चढून २० मेला इंफाळ. १४० मैल, आणि एकही माणूस गमावला नाही.

मग रामगढ. होय, आपलं तेच रामगढ, जिथे मार्च १९४० मध्ये मौलाना आझादांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. तिथे इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. ती घेऊन स्टिलवेलने तिथे चिनी सैन्य घडवायला घेतलं. हिमालयावरून चीनला माल टाकून रिकामी परतणारी विमानं तिकडून शिपाई भरून आणत. पोरं हाडाची काडं झालेली. इथे त्यांना पोटभर जेवण, टोचण्या, बूट आणि बंदूक मिळाली. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: पगार प्रत्येकाच्या हातात. चीनमध्ये डिव्हिजनचा पगार घाऊक सेनापतीकडे जायचा, आणि कागदावरची मेलेली-पळालेली माणसं हे त्याचं उत्पन्न असायचं. रामगढमध्ये हे बंद पडल्यावर किती जणांच्या पोटावर पाय आला असेल, विचार करा. स्टिलवेल स्वतः चांदमारीच्या मैदानात शिपायाशेजारी पालथा पडून नेम कसा धरायचा ते दाखवायचा. तीन ताऱ्यांचा जनरल!

या माणसाबद्दल इथल्या मंडळींना काय वाटतं?

रेवती_पु

मस्त लिहिलंय, कोठावळे. पण ‘व्हिनेगर’ का? शिर्षकात टाकलंत आणि सांगितलंच नाहीत.

कोठावळा

राहिलंच की! १९३० च्या आसपास तो फोर्ट बेनिंगच्या पायदळ शाळेत डावपेच शिकवायचा. मैदानी सरावानंतर पोरांची सालटी काढायचा. एका विद्यार्थ्याने वैतागून चित्र काढलं: व्हिनेगरच्या बाटलीतून स्टिलवेलचं मुंडकं वर येतंय. फळ्यावर लावलेलं ते चित्र त्याने पाहिलं, रागावला तर नाहीच, उलट मागून घेतलं आणि त्याचे फोटो काढून मित्रांना वाटले. नाव कायमचं चिकटलं. शिपाई मात्र त्याला ‘अंकल ज्यो’ म्हणायचे.

चौकस_चंदू

लेख रंगलाय, पण धागाकर्ते प्रेमात पडलेत. थोडं थंड पाणी ओततो.

एक म्हणजे, त्या पायपिटीचं कौतुक अमेरिकन वर्तमानपत्रांनी उभं केलं. हा दोन चिनी सैन्यदलांचा सेनापती होता हो! शंभर माणसं सुखरूप आणली, पण बाकीच्या फौजेचं काय? चिनी जनरल सुन ली-जेनची ३८ वी डिव्हिजन शिस्तीत भारतात आली ती सुनच्या हिमतीवर. बाकीचे उत्तरेच्या डोंगरात शिरले आणि पावसाळ्यात हजारोंनी मेले. त्याच महिन्यात ब्रिटिश जनरल स्लिमने आपलं अख्खं कोअर, फाटकंतुटकं का होईना, लढत लढत इंफाळला आणलं. सेनापतीचं काम ते. पंधरा दिवस पलटणीच्या नायकासारखं चालून दाखवणं हे नव्हे.

दुसरं, त्याच वाटांनी लाखो हिंदी माणसं ब्रह्मदेशातून चालत आली. त्यांच्यापुढे मिनिटाला १०५ पावलं मोजणारा कुणी नव्हता आणि तासाला दहा मिनिटं विसावाही नव्हता.

माळावरचा

+१ चंदू. आमच्या आजोबांचे थोरले भाऊ रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होते. चालत आले. घरात त्याबद्दल कधी बोलले नाहीत, फक्त ताटात भात टाकलेला दिसला की उठून जायचे. त्यांच्या बायकोचा विषय घरात निघत नसे.

कोठावळा

माळावरचे, काय बोलू. थांबलो वाचून.

चंदू, तुमचा पहिला मुद्दा कबूल. मधल्या काळात ली जनरलांचे हुकूम च्यांगच्या राजधानीतून, चुंगकिंगहून, परस्पर यायचे, स्टिलवेलच्या हुकमावर च्यांगचा वेगळा हुकूम निघायचा, हे खरं आहे. पण विमान नाकारून चालण्याने ती विस्कटलेली फौज सावरणार नव्हती, हेही खरं. विमानाने दिल्ली गाठून तारा ठोकल्या असत्या तर जास्त उपयोग झाला असता.

तिरकस_तात्या

‘ली जनरल’ कोण हो नवीन?

कोठावळा

तात्या, ‘चिनी जनरल’ म्हणायचं होतं. मोबाइलवर टंकतोय. संपादनाची सोय द्या म्हणून कधीचा ओरडतोय.

देवळालीकर

आमच्या गावाशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, म्हणून लिहितो.

स्टिलवेलला लढायला अमेरिकन पायदळ हवं होतं. मिळालं ते सगळं मिळून सुमारे ३,००० स्वयंसेवकांचं एक पथक, पुढे ‘मेरिल्स मराउडर्स’ म्हणून गाजलेलं. ही मंडळी ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबई बंदरात उतरली आणि आधी कुठे आली? देवळालीला! आज लॅम रोडवर फिरायला जाता ना, त्या छावणीत. तीनेक आठवडे इथे काढून मग देवगडला सरावाला गेली. ब्रिटिश शिपाई बोटीची वाट बघत इथे इतके महिने काढायचे की डोकं फिरायचं, आणि इंग्रजीत वेड्याला ‘डूलॅली’ म्हणायची पद्धत आमच्या गावावरून पडली. (आम्ही हे अभिमानाने सांगतो, काय करणार.)

तिरकस_तात्या

देवगडला? हापूस खायला? नोव्हेंबरात काय मिळणार, मोहोरसुद्धा नाही.

देवळालीकर

तात्या, कोकणातलं नव्हे हो. बेतवाकाठचं देवगड, ललितपूरजवळचं. जंगल, नदी ओलांडणं, विमानातून रसद झेलणं, सगळा सराव तिथे.

आता पुढचं, जे धाग्यात आलेलं नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये हे लोक आसामातल्या लेडोहून चालत ब्रह्मदेशात शिरले. जपान्यांच्या पिछाडीला जायचं, रस्ता अडवायचा, चिनी डिव्हिजन समोरून येतील. दोनदा-तीनदा केलं. हगवण, मलेरिया, टायफस. एप्रिलअखेर ही माणसं संपली होती. त्यांना वाटत होतं आता सुट्टी. स्टिलवेलने त्यांना कुमोन डोंगररांगेवरून उत्तर ब्रह्मदेशातल्या मिचिनाला धाडलं. १७ मे १९४४ ला विमानतळ घेतला, जपान्यांना पत्ताही लागला नाही. जबरदस्त काम. पण शहर लगेच पडलं नाही. जपानी कुमक आली आणि वेढा ३ ऑगस्टपर्यंत चालला. या अडीच महिन्यांत काय झालं? इस्पितळात पडलेल्या मराउडर्सना ‘चालण्याजोगे’ ठरवून परत आघाडीवर आणलं गेलं. ताप अंगात असलेली माणसं. काहींना डॉक्टरांनी विमानतळावरूनच परत पाठवलं. शेवटी मूळ पथकातले धडधाकट म्हणावेत असे जेमतेम दोनशे उरले. १० ऑगस्टला पथकच मोडलं.

दिल्लीत ‘मार खाल्ला’ म्हणणाऱ्याने मिचिनाला ‘ही माणसं संपली’ एवढं म्हटलं असतं तर?

रेवती_पु

बाप रे. का पण? एवढी घाई कशाची?

देवळालीकर

ताई, एक कारण पावसाळा. मिचिना हाती आलं की विमानांना हिमालयाची उंच वाट सोडून दक्षिणेची सोपी वाट मिळणार आणि लेडोहून चीनकडे बांधला जाणारा रस्ता पुढे सरकणार. दुसरं कारण असं की चिनी शिपाई आणि ब्रिटिशांचे चिंडिट (जपान्यांच्या पिछाडीला घुसून लढणारी पथकं) लढतायत आणि अमेरिकन तेवढे इस्पितळात, हे त्याला दाखवायचं नव्हतं. माझ्या मते हे दुसरंच जास्त वजनदार. कागदावर न्याय्य, प्रत्यक्षात क्रूर.

कोठावळा

याचा बचाव माझ्याकडे नाही.

तिरकस_तात्या

चिंडिटांचं निघालंच आहे तर. त्यांचा सेनापती विंगेट मार्च १९४४ मध्ये विमान अपघातात गेला आणि त्याची माणसं स्टिलवेलच्या हाती आली. त्यांचेही तेच हाल. माइक काल्व्हर्टच्या ब्रिगेडने निम्मी माणसं गमावून २६ जूनला मोगाउंग घेतलं आणि बीबीसीने सांगितलं की चिन्यांनी घेतलं. काल्व्हर्टने तार ठोकली: चिन्यांनी मोगाउंग घेतल्याचं कळलं, माझी ब्रिगेड आता ‘अम्ब्रेज’ घेत आहे. इंग्रजीत ‘टेक अम्ब्रेज’ म्हणजे राग मानणं. सांगतात की स्टिलवेलच्या कचेरीत कुणीतरी नकाशावर अम्ब्रेज गाव शोधत बसलं होतं. खिक्क.

फौजी_बाणा

थोडी भर. त्याच मार्चमध्ये जपान्यांनी इंफाळवर झडप घातली. सांगशाकला पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर आपली ४/५ मराठा लाइट इन्फंट्री पाय रोवून होती. त्या लढतीने कोहिमा-इंफाळला मोलाचे दिवस मिळाले. तेव्हा लेडोची रेल्वे तुटली असती तर स्टिलवेल उत्तरेत अडकून पडला असता. एप्रिलच्या सुरुवातीला जोरहाटच्या बैठकीत त्याने स्लिमला आपली ३८ वी डिव्हिजन देऊ केली होती, स्वतःची मोहीम थांबवून. स्लिम म्हणाला नको, तू पुढे जा. चंदूंनी स्लिमचं उदाहरण दिलंय, पण स्लिमचं स्टिलवेलशी चांगलं जमायचं. स्लिमचा वरिष्ठ जनरल जिफर्ड, त्याच्या हाताखाली काम करायला स्टिलवेलने साफ नकार दिला होता, आणि मग सरसेनापती माउंटबॅटनसमोर म्हणाला की कामाइंगला पोचेपर्यंत मी स्लिमचे हुकूम मानीन. हुद्द्याने स्टिलवेल वरचढ, तरी पाळलं त्याने. चार तारे नको आणि तीन चालतील, असला हा माणूस.

उत्तरवाट

लेडो रोडवर दोन वर्षांपूर्वी जानेवारीत गेलो होतो. तिनसुकियाहून लेडो, मग लेखापानी, जयरामपूर, नामपोंग, पांगसाऊ खिंड. अरुणाचलचा परवाना आधी काढा, नाहीतर जयरामपूरच्या नाक्यावरून परत. लेडोजवळ फलक आहे, त्यावर मैल लिहिलेत: मिचिना २६८, कुनमिंग १०७९. समोर चहाची टपरी. टपरीवाला म्हणाला, ‘फोटो काढून सगळे इथूनच परत जातात, साहेब.’ जयरामपूरला झाडीत दफनभूमी आहे, शेवाळलेल्या कबरी, एका दगडावर चिनी अक्षरं. मी पाच मिनिटं थांबलो तर दोन जळवा चढल्या, जानेवारीत! जुलैत त्या पोरांनी काय काढलं असेल.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. हा रस्ता बांधायला सुमारे १५,००० अमेरिकन होते आणि त्यांतले निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. स्वतःच्या देशात त्यांना बसमध्ये मागे बसावं लागायचं. हजारावर अमेरिकन तिथे मेले. शिवाय आसामातले आणि बाहेरून आणलेले स्थानिक मजूर, ज्यांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत.

चौकस_चंदू

आणि इतकं करून रस्ता वेळेत झाला का? चर्चिल आधीच म्हणाला होता की तो पुरा होईल तेव्हा त्याची गरज उरलेली नसेल. पहिला ताफा १२ जानेवारी १९४५ ला लेडोहून निघाला, ४ फेब्रुवारीला कुनमिंगला. जुलै १९४५ मध्ये विमानांनी ७१,००० टन माल नेला आणि रस्त्याने ६,०००. च्यांगने रस्त्याला स्टिलवेलचं नाव दिलं, तेही त्याला हाकलल्यावर. घ्या!

चिनी_कम

हाकललं का, ते मी सांगतो, कारण इथे च्यांगची बाजू कुणी मांडत नाहीये.

च्यांग १९३७ पासून एकटा लढत होता. त्याच्या उत्तम जर्मन-प्रशिक्षित डिव्हिजन शांघायला संपल्या होत्या. १९४४ च्या एप्रिलमध्ये जपानने चीनमध्ये सगळ्यात मोठी चढाई सुरू केली. हेंगयांग ४७ दिवस लढलं, ८ ऑगस्टला पडलं. त्याच वेळी च्यांगचे सगळ्यात चांगले शिपाई कुठे? स्टिलवेलबरोबर ब्रह्मदेशात, आणि साल्विन नदी ओलांडून आणखी पाठवा म्हणून अमेरिकेची रसद तोडण्याची धमकी. स्टिलवेलला ब्रह्मदेशचा अपमान धुवायचा होता. च्यांगला चीन वाचवायचा होता. माओचं सैन्यही वापरा, असा स्टिलवेलचा आग्रह होता. तो लष्करीदृष्ट्या बरोबर असेल, पण च्यांगला ती आत्महत्या वाटली आणि १९४९ बघता अगदीच चूक नव्हता तो.

आता मुख्य प्रसंग. १९ सप्टेंबर १९४४, चुंगकिंग. रूझवेल्टचं पत्र आलं: सगळं चिनी सैन्य स्टिलवेलच्या हाती द्या, नाहीतर परिणाम भोगा. भाषा अशी की कारकुनालाही लिहू नये. तिथे हर्ले नावाचे रूझवेल्टचे दूत होते, ते म्हणाले मी जरा मऊ करून सांगतो. स्टिलवेल म्हणाला नाही, हुकूम आहे, मी स्वतः देणार. च्यांगने चिनी तर्जुमा वाचला. ‘समजलं’ म्हणाला. मग चहाच्या कपावरचं झाकण उलटं ठेवलं. बैठक संपली. रात्री स्टिलवेलने यावर कविता केली आणि बायकोला पाठवली! दैनंदिनीत तो च्यांगला ‘शेंगदाणा’ म्हणायचा. महिन्याभरात, १९ ऑक्टोबरला, माघारी बोलावणं आलं.

चिनी बोलता येणाऱ्या, चीनवर प्रेम करणाऱ्या माणसाला यजमानाची अब्रू म्हणजे काय ते कळत नव्हतं असं मी मानत नाही. कळत होतं, म्हणूनच त्याने ती घेतली.

रेवती_पु

कपाचं झाकण! अंगावर काटा आला.

अवांतर: कोठावळे, तुमच्या त्या अहवालाचं पुढे काय झालं?

कोठावळा

‘विक्री पडली’ असंच लिहिलं. वरून परत आला, शब्दाखाली लाल रेघ.

चिनी_कम, तुमचा प्रतिसाद पटला, आणि तो पटल्यामुळे मूळ लेखातलं माझं एक वाक्य मागे घेतो. ‘कुणावर खापर नाही’ असं मी लिहिलं, ते त्या दिल्लीतल्या दुपारपुरतं खरं. दैनंदिनीत त्याने च्यांग, ब्रिटिश, माउंटबॅटन, सगळ्यांवर खापरं फोडलीत, आणि ती त्याच्या मृत्यूनंतर छापून आली. जी जीभ हार कबूल करायला धजली, तीच त्या पत्राच्या वेळी आवरली नाही. वेगवेगळे दोन स्टिलवेल नव्हते.

शेवटचं थोडं राहिलंय. जून १९४५ मध्ये ओकिनावाला जनरल बकनर मारले गेले आणि दहाव्या सैन्याची सूत्रं स्टिलवेलकडे आली. लढाई संपलेलीच होती. ८ डिसेंबर १९४५ ला कॅलिफोर्नियात तो एका शेतकरी कुटुंबाच्या घरी गेला. काझुओ मासुदा हा जपानी वंशाचा अमेरिकन सार्जंट इटलीत मारला गेला होता, आणि युद्धात याच कुटुंबाला छावणीत डांबलं होतं. शेजारी त्यांना परत येऊ नका म्हणून धमकावत होते. स्टिलवेलने त्यांच्या ओसरीवर उभं राहून मुलाचं पदक बहिणीच्या हाती दिलं, कॅमेरे लावून, मुद्दाम. त्या दिवशीच्या कार्यक्रमात रोनाल्ड रेगन नावाचा एक कॅप्टनही होता.

१२ ऑक्टोबर १९४६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी इस्पितळात पोटाच्या कर्करोगाने गेला. पदकं ढीगभर होती, पण त्याला हवा होता पायदळाच्या साध्या शिपायाचा बॅज: निळी पट्टी, तिच्यावर एक जुनी बंदूक. नियमाने जनरलला तो मिळत नाही. शेवटच्या दिवसांत अपवाद करून दिला.

देवळालीकर

बॅज मिळाला, बरं झालं. मिचिनाच्या चिखलात तो गेला होता, हे नाकारत नाही.

मराउडर्सना अमेरिकन काँग्रेसचं सुवर्णपदक जाहीर झालं २०२० साली. तेव्हा हयात असलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.